रिक्वेस्ट्स (पायथन लायब्ररी)

रिक्वेस्ट्स ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. प्रोग्रॅममधून वेब सर्व्हरला एचटीटीपी या वेबच्या नियमांनुसार विनंती पाठवायची आणि आलेले उत्तर हाताशी आणून द्यायचे, एवढेच तिचे काम. केनेथ राइट्झ यांनी ती फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ‘माणसांसाठी एचटीटीपी’ हे तिचे ब्रीद. परवाना अपाची २.०. २०१९ पासून तिचा कोड गिटहबवर पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या खात्यात आहे.

हे ब्रीद का लागले, ते त्या काळी पायथन लिहिणाऱ्याला सांगावे लागत नाही. पायथन २ सोबत यूआरएललिब आणि यूआरएललिब२ अशी दोन मोड्यूल येत. नावे जवळजवळ सारखी, कामे वेगळी, आणि पुष्कळदा दोन्ही लागत. पासवर्ड मागणारे एखादे पान उघडायचे तर आधी पासवर्ड मॅनेजर, मग हँडलर, मग ओपनर तयार करावा लागे, पान त्यानंतर. रिक्वेस्ट्समध्ये ‘गेट’ या फंक्शनला पत्ता आणि नाव-पासवर्डची जोडी दिली की एका ओळीत काम होते. फॉर्म पाठवायचा असेल तर ‘पोस्ट’. उत्तर जेसन या माहिती मांडण्याच्या स्वरूपात असेल तर ‘जेसन’ या मेथडने थेट पायथनची डिक्शनरी किंवा लिस्ट हाती येते. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातही सोप्या वापरासाठी याच लायब्ररीची शिफारस आहे.

खालचे कष्टाचे काम यूआरएललिब३ ही वेगळी लायब्ररी करते. नावावरून ती पायथनसोबतच येत असेल असे वाटते, पण तसे नाही. एकाच सर्व्हरकडे वारंवार जायचे असेल तर ‘सेशन’ वापरावे: कुकीज टिकतात आणि जुने कनेक्शन पुन्हा वापरले जात असल्याने वेळही वाचतो. एकाच वेळी असंख्य विनंत्या हाताळायला मात्र एआयओएचटीटीपी किंवा एचटीटीपीएक्स या लायब्ररी बऱ्या, कारण रिक्वेस्ट्स प्रत्येक उत्तरासाठी थांबून राहते.

या सोपेपणात काही गोष्टी नजरेआड होतात. ‘टाइमआउट’ (उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा) आपण दिला नाही तर तो नसतोच. सर्व्हर गप्प बसला की प्रोग्रॅमही तिथेच अडकतो. ४०४ (पान सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधील बिघाड) आले तरी एरर आपोआप उठत नाही, त्यासाठी ‘रेज फॉर स्टेटस’ बोलवावे लागते.

मराठी मजकुराशी काम करणाऱ्याला तिसरी गोष्ट हमखास भेटते. सर्व्हरने मजकुराचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची रीत) कळवले नाही, तर साध्या मजकुराचे वा एचटीएमएलचे उत्तर रिक्वेस्ट्स लॅटिन-१ (दर बाइटला एक चिन्ह मानणारे, पश्चिम युरोपीय भाषांचे एन्कोडिंग) समजून वाचते. १९९९ च्या एचटीटीपी मानकातला हा नियम पुढच्या मानकातून २०१४ मध्ये गेला, लायब्ररीत मात्र राहिला. यूटीएफ-८ या सर्व लिप्यांसाठीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. लॅटिन-१ मध्ये त्यांची १५ निरर्थक चिन्हे होतात आणि दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला तोच रोमन ‘ए’ दिसतो. तो दिसला की पान बिघडलेले नाही, वाचण्याची रीत चुकली आहे हे ओळखावे. उत्तराच्या ‘एन्कोडिंग’ या गुणधर्मात ‘यूटीएफ-८’ लिहावे आणि मगच ‘टेक्स्ट’ वाचावे. अक्षरे जशीच्या तशी परत येतात.