फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा
कंपनीच्या नेटवर्कमध्ये मुद्दाम घुसवलेलं मालवेअर (नुकसान किंवा चोरी करणारं सॉफ्टवेअर): ते कसं शोधतो, कसं काढतो. आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एखाद्या संगणकात काही गडबड दिसली की ऑफिसात पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फॉरमॅट मारून टाक." पेन ड्राइव्हमधून आलेल्या साध्या व्हायरसला हा उपाय चालूनही जातो. पण कोणी तुमच्याच कंपनीवर नजर ठेवून आत शिरलं असेल, तर जो संगणक सापडला तो बहुधा त्याचा पहिला मुक्काम नसतो आणि शेवटचाही नसतो. तो घाईने पुसला की आत येण्याची वाट कोणती होती याचा पुरावा जातो, आणि आपण पकडले गेलो हे त्याला कळतं. मग तो उरलेल्या आठ-दहा मशीनवर आणखी खोल दडून बसतो. आमच्याकडे येणाऱ्या कामांत सगळ्यात किचकट तीच असतात, जिथे आमच्या आधी कोणीतरी सफाई करून गेलेलं असतं.

हे फक्त मोठ्यांच्या बाबतीत घडतं, असं समजू नका. मोठ्या कंपनीत शिरायला तिला सुटे भाग पुरवणारा छोटा कारखाना ही सोयीची वाट असते. आणि घुसणारा किती तयारीने येतो, हे पुण्याने पाहिलं आहे. ११ ऑगस्ट २०१८ ला कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअरद्वारे एक बनावट स्विच (एटीएमचे व्यवहार बँकेकडे पोचवणारी यंत्रणा) उभा करण्यात आला. कार्डाचे व्यवहार खऱ्या यंत्रणेकडे न जाता तो बनावट स्विचच मंजूर करत होता. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टमार्गे (बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात त्या यंत्रणेतून) आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. ११ तारीख म्हणजे महिन्याचा दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. म्हणून दिवाळीच्या किंवा गणपतीच्या सुट्ट्यांआधी आम्ही तुम्हाला फोन करून सतावतो, त्याचा राग मानू नका.

अँटीव्हायरस का बोलला नाही?

प्रत्येक ग्राहक हा प्रश्न विचारतो. असा घुसखोर ओळखीचा व्हायरस क्वचितच वापरतो. चोरलेला पासवर्ड, विंडोजमध्येच असलेलं पॉवरशेल (लेखी आज्ञा देऊन संगणक चालवायचं साधन), दुरून मशीन हाताळायची नेहमीची सॉफ्टवेअर, एवढ्यावर त्याचं भागतं. रात्री दोन वाजता तुमच्या अकाउंटंटच्या नावाने सर्व्हरवर लॉगिन झालं, तर अँटीव्हायरसच्या लेखी तो अकाउंटंटच असतो. त्या वेळी ते घरी झोपले होते हे त्याला कुठून कळणार? ते माणसालाच विचारावं लागतं, आणि आम्ही विचारतो. पहिल्या दिवशी आम्ही संगणकांपेक्षा माणसांशी जास्त बोलताना दिसू.

मग नोंदी, म्हणजे संगणक आपोआप लिहून ठेवतो ते लॉग. नवी सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम) बसवली की विंडोज ७०४५ क्रमांकाची नोंद करतं. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम तयार झालं की ४६९८ (ही नोंद ठेवण्याचं सेटिंग आधी चालू असावं लागतं), आणि कोणी सिक्युरिटी लॉग पुसला तर ११०२. या शेवटच्या नोंदीचं कारण तुमच्या आयटीवाल्याला सांगता आलं नाही, तर आम्ही त्या रात्री घरी जात नाही. फायरवॉलच्या (ऑफिस आणि इंटरनेट यांच्यातल्या पहारेकऱ्याच्या) नोंदींत आम्ही ताल शोधतो. माणूस इंटरनेट वापरतो तेव्हा त्यात शिस्त नसते. मालवेअर मात्र आपल्या मालकाला ठराविक वेळाने हाक देत राहतं. कधी त्यात मुद्दाम थोडं मागेपुढे केलेलं असतं, तरी आठवडाभराच्या नोंदी शेजारी ठेवल्या की ताल उमटतो.

अडचण ही की नोंदीच नसतात. विंडोजच्या साध्या संगणकावर सिक्युरिटी लॉगची फाइल मुळात २० एमबीची असते; भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. हे सेटिंग आजच वाढवून घ्या, पैसे लागत नाहीत.

या काळात तुम्ही काय करू नये

संशयित मशीन बंद करू नका. मेमरीत चालू असलेलं बरंच काही बंद केल्यावर उडून जातं. आम्ही आधी मेमरीची प्रत घेतो. संशयित फाइल तपासणीच्या सार्वजनिक वेबसाइटवर चढवू नका, कारण आपली फाइल तिथे कधी दिसते यावर बनवणाराही लक्ष ठेवून असू शकतो. आणि या विषयावर कंपनीच्या ईमेलवर एक अक्षरही लिहू नका. घुसखोर तुमची मेल वाचत असेल असं धरूनच चाला.

अपवाद एकच. डोळ्यांदेखत फाइली लॉक होऊ लागल्या, तर आमची वाट न बघता नेटवर्कच्या वायरी काढा आणि वायफाय तोडा.

काढणं

काढायचं ते सगळं एका दमात. बहुतेकदा आम्ही शुक्रवारी संध्याकाळी इंटरनेट तोडतो आणि सोमवारी सकाळी जोडतो. बाधित मशीन साफ करत बसत नाही, ती नव्याने उभी करतो. सगळ्यांचे पासवर्ड बदलतात, मालकांचाही (इथेच सगळ्यात जास्त वाद होतो). डोमेन (सगळ्या संगणकांची लॉगिन एकाच सर्व्हरवरून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) असेल तर केआरबीटीजीटी (krbtgt) या तिच्या अंतर्गत खात्याचा पासवर्ड मधे काही तास सोडून दोनदा बदलावा लागतो, कारण यंत्रणा त्याचा मागचा पासवर्डही चालवून घेते.

बॅकअपवर डोळे मिटून भरवसा नको. घुसखोर दोन महिने आत असेल, तर गेल्या आठवड्याच्या बॅकअपमध्ये तोही आहे. म्हणून आम्ही बॅकअपमधून टॅलीचा डेटा, ड्रॉइंग, कागदपत्रं घेतो. प्रोग्रॅम मूळ ठिकाणाहून नव्याने टाकतो. शॉप फ्लोअरवर विंडोज ७ किंवा एक्सपीवर चालणारी मशीन असतात, ती बदला म्हणणं सोपं असतं, पण मशीनची किंमत आम्हालाही माहीत आहे. ती वेगळ्या नेटवर्कवर टाकतो, त्यांचं इंटरनेट कायमचं बंद.

त्यानंतर महिनाभर आम्ही नोंदी पाहत राहतो. पुन्हा कधीच होणार नाही, अशी लेखी हमी कोणी देत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. आम्ही देत नाही. बाहेर गेलेला डेटाही परत आणता येत नाही. हल्ला कोणत्या देशातून झाला, हेही सहसा सांगत नाही. भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता म्हणजे माणसाचा पत्ता नव्हे.

कायद्याचं

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. कळवण्याचा मजकूर आम्ही तयार करून देतो, पाठवायचा तुम्ही. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँकेला, मग आम्हाला.

आम्हाला फोन कराल तेव्हा स्वतःच्या मोबाइलवरून करा, ऑफिसच्या वायफायवरून नको. एकूण मशीन किती, सर्व्हर कुठे, बाहेरून लॉगिन कोणाकोणाला आहे आणि गेल्या वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्यांपैकी कोणाची खाती अजून चालू आहेत, हे कागदावर लिहून ठेवा. ही शेवटची यादी करताना बहुतेक मालक गप्प होतात.