नोकरदारांसाठी अर्धवेळ एमबीए: अर्ज अडतो तो अनुभवपत्रावर

पदवी आहे, गुण आहेत, हाताखाली दहा माणसं आहेत, तरी छाननीत अर्ज बाद. अर्धवेळ किंवा एक्झिक्युटिव्ह एमबीएला अर्ज करणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार होतं. अनुभव खरा असतो, पण कागदावर तो नीट उतरलेला नसतो.

पात्रता थोडक्यात सांगायची तर कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी आणि त्यानंतरचा पूर्णवेळ नोकरीचा अनुभव. मुंबई विद्यापीठाच्या एमएमएम (मार्केटिंग), एमएफएम (फायनान्स), एमएचआरडीएम (मनुष्यबळ विकास) या तीन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमांना २ वर्षांचा अनुभव लागत आला आहे. काही एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमांना त्याहून बराच जास्त लागतो. गुणांची अट आणि प्रवेश परीक्षा संस्थेनुसार बदलतात. ऑनलाइन फॉर्म, फोटो, सही, फी यात सहसा कोणी अडकत नाही.

अडकतात ते ‘पदवीनंतरचा’ या शब्दात. समजा, निकाल लागला २० जुलै २०२३ ला आणि नोकरी धरली १ जूनला. माहितीपत्रकात ‘३० जून २०२५ रोजी २ वर्षे पूर्ण’ असं लिहिलं असेल, तर मोजणी निकालापासून होते. १९ दिवस कमी पडतात आणि अर्ज जातो. अर्जाची शेवटची तारीख आणि अनुभव मोजण्याची तारीख या दोन वेगळ्या तारखा असू शकतात, त्या वेगवेगळ्या शोधा. इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि अर्धवेळ काम सहसा धरत नाहीत.

आता अनुभवपत्र. एचआरचं ठरावीक पत्र ‘अमुक व्यक्ती आमच्याकडे कार्यरत आहे’ एवढ्यावर संपतं, आणि ते पुरत नाही. लेटरहेडवर, जावक क्रमांक व तारखेसह, निदान इतका मजकूर हवा: ‘श्री./श्रीमती … हे/ह्या दि. … पासून आजतागायत आमच्याकडे पूर्णवेळ कार्यरत असून, दि. … पासून … या पदावर आहेत. त्यांच्या हाताखाली … कर्मचारी असून … ही कामे ते/त्या पाहतात.’ खाली सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, शिक्का. पर्यवेक्षक किंवा अधिकारी पदाचा अनुभव मागितला असेल, तर नुसत्या ‘मॅनेजर’ या हुद्द्यावर विसंबू नका. कामाचं स्वरूप लिहून घ्याच. जुन्या नोकरीचं नियुक्तिपत्र चालत नाही, कारण त्यात रुजू होणं दिसतं, सोडणं नाही. तिथे रिलीव्हिंग लेटर लागतं.

कंत्राटदाराच्या पेरोलवर असणाऱ्यांचे हाल वेगळेच. बसता बँकेत, पगार देते दुसरीच एजन्सी. पत्र बँकेचं आणि फॉर्म १६ (पगार व त्यातून कापलेल्या कराचा दाखला) एजन्सीचा जोडला की छाननीत विसंगती निघते. पत्र एजन्सीकडूनच घ्या आणि कोणत्या कंपनीत नेमणूक आहे ते त्यातच लिहून घ्या.

जुनी कंपनी बंद पडली असेल तर घाबरू नका. ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी, त्या वर्षांचे फॉर्म १६ आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट असा संच तयार ठेवा आणि तो चालेल का, हे अर्ज भरण्याआधी संस्थेला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘चालेल’ छाननीच्या टेबलावर उपयोगी पडत नाही. गेल्या आर्थिक वर्षाचा फॉर्म १६ कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. अर्ज मे महिन्यात असेल तर पगाराच्या पावत्या हाताशी ठेवा.

ना हरकत पत्र द्यायला कंपन्या कचरतात, कारण उद्या फी किंवा रजा मागितली जाईल ही धास्ती. मसुदा तुम्हीच न्या आणि त्यात ‘कामाच्या वेळेबाहेर वर्गांना उपस्थित राहण्यास हरकत नाही, फी अथवा रजेची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही’ असं वाक्य घाला. सही सोपी होते. मात्र हे पत्र आहे म्हणून फॉर्मवर ‘प्रायोजित’ हा पर्याय निवडू नका. प्रायोजित म्हणजे कंपनीने अधिकृतपणे पाठवलेला उमेदवार, आणि त्याचं पत्र निराळं असतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना फार नाहक फिरावं लागतं. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. नुसतं प्रतिज्ञापत्र अनेक ठिकाणी परत येतं.

सीजीपीएची टक्केवारी मनाने दहाने गुणून लिहू नका. गुणपत्रिकेच्या मागे सूत्र असतं, नसेल तर विद्यापीठाचं पत्र आणा. नॉन-क्रीमीलेअरची वैधता ३१ मार्चला संपते. मुदत संपलेलं प्रमाणपत्र चुकून जोडलेले अर्ज खुल्या प्रवर्गात टाकले जातात.

आणि फी भरण्याआधी एवढं तपासाच: शेवटी हातात काय मिळणार? पदवी, पदविका की नुसतं प्रमाणपत्र? जाहिरातीत तिन्हींना ‘एक्झिक्युटिव्ह एमबीए’ म्हटलेलं आढळतं. १५ महिन्यांचा पीजीडीएम ही पदविका आहे. पुढे पीएचडी किंवा सरकारी पदोन्नतीसाठी पदवीच हवी असेल, तर पदवी कोणतं विद्यापीठ देणार त्याचं नाव माहितीपत्रकात शोधा. नाव सापडलं नाही, तर पैसे भरू नका.