बाउंड्री वॉटर्सचा वॉलआय: रिग कोणती, हे कसं ठरत गेलं

बासवूड तलावाच्या मधून अमेरिका-कॅनडाची सरहद्द जाते. दक्षिणेकडच्या पाण्यात, म्हणजे मिनेसोटा राज्यातल्या बाउंड्री वॉटर्स या राखीव रानात, गळाला जिवंत जळू ओवून वॉलआय मासा गरवता येतो. त्याच तलावाच्या उत्तर अंगाला ऑन्टॅरिओचं क्वेटिको उद्यान लागतं. तिथे जळू चालत नाही, गांडूळ चालत नाही, मिठात ठेवलेला मेलेला मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, सुद्धा चालत नाही. आमिष कृत्रिमच हवं आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला हवा. मासा एकच, खडक एकच, वारा एकच. तरी कनूतला डबा दोन तऱ्हांनी भरावा लागतो.

मे महिन्याच्या मध्यावर हंगाम उघडला की ‘रिग कोणती घेऊ?’, म्हणजे दोरीच्या टोकाला शिसं, गळ आणि आमिष यांची जुळणी कशी करू, हा प्रश्न दरवर्षी नव्याने येतो. त्याला उत्तरं मिळतात ती खोली, वारा आणि पाण्याचा रंग यांच्या हिशेबाने. ती चुकीची नाहीत. पण या रानातल्या तलावांवर आज जे सर्रास वापरलं जातं, ते निव्वळ माशाच्या स्वभावातून आलेलं नाही. मोटर कुठे चालेल, विमान कुठे उतरेल, कोणतं आमिष सोबत नेता येईल याचे निर्णय आधी झाले. दोरीच्या टोकाला काय बांधायचं ते त्यामागून ठरलं.

इथले मूळनिवासी आनिशिनाबे लोक या माशाला ओगा म्हणतात. बर्फ फुटल्यावर ओगा अंडी घालायला उथळ, खडकाळ काठाशी येतो. अशा रात्री कनूच्या नाळेवर मशाल धरली की पाण्याखाली त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, कारण डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो. मशालीच्या उजेडात भाल्याने मासे मारणाऱ्या लोकांवरूनच फ्रेंचांनी विस्कॉन्सिनमधल्या तलावाला लाक द्यु फ्लाँबो, म्हणजे मशालीचा तलाव, हे नाव दिलं. 1854च्या तहात ईशान्य मिनेसोटाची जमीन गेली, पण तिथे शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क त्या लोकांनी राखून ठेवला. याच डोळ्यामुळे वॉलआयला अंधुक उजेडात छोट्या माशांपेक्षा चांगलं दिसतं. म्हणून संध्याकाळ, ढगाळ दिवस आणि लाटांनी फुटलेलं पाणी ही त्याची खाण्याची वेळ. दलदलीतून चहाच्या रंगाचं पाणी येतं अशा तलावांत तो भर दुपारीही उथळात सापडतो.

नावाचा घोळ इथे सांगितला पाहिजे, कारण त्याने दोरीसुद्धा बदलते. ऑन्टॅरिओत आमिषाच्या दुकानात आणि हॉटेलच्या पाटीवर याला पिकरेल म्हणतात, क्वेबेकमध्ये दोरे, म्हणजे सोनेरी. जुन्या अमेरिकन लिखाणात तो वॉलआइड पाइक किंवा येलो पाइक आहे. खरा पिकरेल पाइकच्या कुळातला, वॉलआय पर्चच्या. पाइकच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही, म्हणून त्याला तारेचा लीडर, म्हणजे गळाआधीचा मजबूत तुकडा, लागतो. वॉलआयच्या रिगला तार लावली की आमिष मोकळं हलत नाही आणि मासा ते सोडून देतो. ‘पाइक’ किंवा ‘पिकरेल’ एवढंच वाचून सल्ला उचलणाऱ्याने आधी कोणत्या माशाबद्दल लिहिलंय ते पाहावं.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच, 1913 साली, क्वेटिको उद्यान झालं होतं. पण गरवणाऱ्यांची खरी गर्दी दुसऱ्या महायुद्धानंतर उसळली. लढाऊ विमानं बनवणाऱ्या एका कारखान्याने 1945 साली ॲल्युमिनियमची कनू बाजारात आणली. पाण्यावर उतरणारी छोटी विमानं मिनेसोटातल्या ईली गावाहून उडून लोकांना थेट आतल्या रिसॉर्टवर सोडू लागली. विमानातून येणारा माणूस लोखंडी पेटी, मिनोंची बादली, मोटर असं सगळं घेऊन येई. आमिषाच्या पुढे फिरणारं पातं असलेला स्पिनर आणि त्यामागे मिनो हा तेव्हाचा ठरलेला बेत होता. डिसेंबर 1949मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी या भागावरून समुद्रसपाटीपासून 4,000 फुटांच्या खाली विमान नेण्यास बंदी घातली. आतले रिसॉर्ट हळूहळू विकत घेऊन उठवण्यात आले. जो आत जाईल तो वल्हवत जाईल आणि पोर्टेजवर, म्हणजे दोन तलावांमधल्या पायवाटेवर, सामान पाठीवर घेऊन चालेल, या दिशेने पडलेलं हे पहिलं मोठं पाऊल.

त्याच सुमारास बाहेरच्या, मोटरच्या तलावांवर गोष्टी भलत्याच वेगाने पुढे गेल्या. 1950च्या दशकाच्या अखेरीस होडीत ठेवता येईल असं बॅटरीवरचं सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, आलं. तळ कुठे उतरतो आणि खडकाची सोंड कुठे संपते हे दिसू लागलं. फिनलंडमध्ये एका मच्छीमाराने 1936 साली बुचाच्या लाकडातून कोरलेला, चंदेरी वेष्टनात गुंडाळलेला छोटा मासा 1962 साली एका खपाच्या अमेरिकन साप्ताहिकात झळकला आणि रापाला हे नाव घरोघरी पोचलं. आणि 1968च्या आसपास शिकागोहून मिनेसोटातल्या ब्रेनर्डला येऊन राहिलेल्या दोन भावांनी लिंडी रिग विकायला काढली.

ती रिग हातात घेऊन पाहावी इतकी साधी आहे. बुटाच्या तळव्यासारखं चपटं, पुढे किंचित वर वळलेलं शिसं, त्याच्या माथ्याला भोक. मूळ दोरी त्या भोकातून मोकळी सरकते. खाली एक छोटी स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, शिशाला अडवते आणि तिच्यापुढे तीनेक फुटांची बारीक दोरी, टोकाला साधा गळ. शिसं तळावर ‘चालतं’, जळू मागून तरंगत येते. मासा आमिष ओढू लागला की रिळाचा बेल, म्हणजे दोरी अडवणारी तार, उघडा ठेवून बोटावरची दोरी सोडायची. शिसं जागेवर राहतं, दोरी त्यातून सरकते, माशाला वजन जाणवत नाही. थोडं थांबून दोरी ताणायची आणि काठी उचलायची.

पण ही रिग हळू चालवावी लागते, आणि हळू चालवायला होडी ताब्यात लागते. त्यातून बॅकट्रोलिंग आलं. मागच्या बाजूची, हाताच्या दांड्याने फिरवायची मोटर उलटी चालवायची, होडीची रुंद पाठ लाटांवर घ्यायची आणि सोनारकडे बघत खडकाची कड धरून सरकत राहायचं. मिनेसोटाच्या वॉलआयची सगळी नवी शाळा या तीन गोष्टींवर उभी राहिली: सरकतं शिसं, सोनार, उलटी मोटर.

तिसरी गोष्ट रानात राहील की नाही, यावरून 1970चं दशक पेटलं.

रानं जशीच्या तशी राखण्यासाठीच्या 1964च्या वाइल्डरनेस कायद्यात बाउंड्री वॉटर्सला घेतलं होतं, पण अपवाद ठेवून: काही लाकूडतोड आणि काही मोटरवापर चालू राहणार होता. बाकी कोणत्याही वाइल्डरनेसला न लागलेला हा अपवाद पुढे अनेक खटल्यांचं मूळ ठरला. 1977 साली ईलीत सुनावणी झाली, तेव्हा मोटरबंदीच्या बाजूने उभ्या असलेल्या गावच्याच एका वयस्कर लेखकाचा पुतळा सभागृहाबाहेर फासाला लटकवला गेला. ईलीच्या लोकांचा राग पोकळ नव्हता. तीन पिढ्या त्याच पाण्यावर जगलेल्या घरांना एका हंगामात सांगितलं जात होतं की वडिलांनी बसवलेली मोटर आता इथे चालणार नाही. मात्र पुतळा टांगण्याला कोणतंही समर्थन असू शकत नाही.

21 ऑक्टोबर 1978 रोजी नव्या कायद्यावर सही झाली. लाकूडतोड बंद, स्नोमोबाइल जवळपास बंद, आणि मोटर ठरावीक तलावांपुरती. काही ठिकाणी 25 अश्वशक्तीपर्यंत, क्लिअरवॉटरसारख्या काही ठिकाणी 10पर्यंत. टप्प्याटप्प्याने मोटरचं पाणी एकूण पाण्याच्या सुमारे चतुर्थांशावर आलं. हजाराहून अधिक तलावांतले बहुतेक सगळे वल्ह्यावर राहिले. ट्रकने होड्या पलीकडे नेणारे पोर्टेज बंद करायचे की नाही यावर आणखी 20 वर्षं भांडण चाललं. न्यायालयाने ते बंद केले आणि 1998 साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांतले दोन पुन्हा उघडले.

‘मोटर’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न त्यानंतर सतत येत राहिला आहे. पेट्रोलवरची ती मोटर, यात वाद नाही. पण बॅटरीवर चालणारी, जवळजवळ आवाज न करणारी, कनूच्या कडेला टांगलेली छोटी ट्रोलिंग मोटर? तीही मोटरच, आणि वल्ह्याच्या तलावात ती चालत नाही. बॅटरीवरचं सोनार मात्र चालतं, कारण ते होडी हलवत नाही. म्हणजे तिथे कायदा आवाज मोजत नाही, धूर मोजत नाही. होडी कशाने हलते तेवढंच पाहतो. मला हा अर्थ बरोबर वाटतो. आवाजाची पट्टी लावली असती तर प्रत्येक नव्या शांत यंत्रासोबत दार पुन्हा उघडत गेलं असतं. विरुद्ध बाजूने म्हटलं जातं की म्हाताऱ्या किंवा हातपाय थकलेल्या माणसाला बॅटरीची मोटर नाकारणं कठोर आहे. त्या म्हणण्यात वजन आहे. मोटरचे तलाव राखून ठेवण्यामागे तोच विचार काही अंशी होता.

मोटर गेल्यावर बॅकट्रोलिंग गेलं, आणि लिंडी रिग अर्धी उरली. वाऱ्यात कनू पाचोळ्यासारखी वाहते, नाळ फिरते. सरकतं शिसं ग्रॅनाइटच्या फटीत अडकतं, आणि ते सोडवायला मागे वळेपर्यंत कनू चाळीस हात पुढे गेलेली असते. दिवसाला पाच-सहा रिग अशा गमावल्यावर बहुतेकांनी जिगकडे मोर्चा वळवला. एक अष्टमांश औंसाचं डोकं, त्याला जळू किंवा शेपटीचं मऊ प्लास्टिक. जिगमध्ये शिसं आणि गळ एकच असतात, दोरी सरळ हातात येते, आणि कनू उभी करता आली तर थेट खाली सोडता येतं. कनू उभी करायला लोखंडी नांगर कोण वाहणार? जाळीची पिशवी न्यायची, काठावरचे दगड तिच्यात भरायचे, दोरीने खाली सोडायचे आणि निघताना दगड तिथेच ठेवायचे.

जळवाही याच गरजेतून टिकल्या. 1970च्या दशकात त्या मिनेसोटाच्या दुकानांतून सर्रास विकल्या जाऊ लागल्या. मिनोंची बादली पोर्टेजवर हिंदकळते आणि दुपारपर्यंत निम्मे मिनो मरतात. अर्धा पौंड जळवा एका छोट्या डब्यात राहतात, रोज तलावाचं थंड पाणी बदललं की आठवडा काढतात. गळाला लावायची तर चोषकाच्या, म्हणजे रुंद टोकाच्या, बाजूने. तेवढी एक टोचणी सोडली तर ती पाण्यात फितीसारखी लांब होऊन पोहत राहते. संध्याकाळी मुक्कामाच्या खडकावरून सरकत्या बोयाखाली अशी जळू सोडणं ही या तलावांवरची सर्वांत सोपी आणि नवख्यालाही यश देणारी रीत आहे. आणि एका पोर्टेजपासून दुसऱ्यापर्यंत वल्हवताना मागे रापाला सोडून ठेवायचा. वल्ह्याचा वेग त्याला बरोबर मानवतो. दोन्ही बाजूंना एका माणसाला एकावेळी एकच दोरी टाकता येते, म्हणून काय टाकायचं ते नीट ठरवावं लागतं.

1970च्या दशकातच केवलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या कनू आल्या. 17 फुटांची ॲल्युमिनियमची कनू सुमारे 75 पौंडांची, केवलारची चाळिशीत. हलक्या कनूने लोक आणखी आत पोचले आणि तिथे गाठ पडली निसर्गाच्या मर्यादेशी. वाढीचा काळ छोटा, पाणी थंड, मासा सावकाश मोठा होणारा. त्यामुळे पकडून सोडण्यावर भर वाढला आणि जिवंत आमिषाची दुसरी बाजू पुढे आली: जळू किंवा गांडूळ मासा खोल गिळतो, आणि घशात गळ रुतलेला मासा सोडला तरी पुष्कळदा मरतो. गांडुळाचं आणखी एक आहे. हिमयुगानंतर या उत्तरेकडच्या जंगलांत मूळची गांडुळं नव्हती. गरवणाऱ्यांनी फेकलेल्या गांडुळांनी जमिनीवरचा पानांचा थर खाऊन टाकला, आणि त्या थरावर जगणारी झाडोरा व रोपं मागे हटली. क्वेटिकोने सगळंच सेंद्रिय आमिष बंद केलं त्यामागे ही सगळी काळजी आहे. ऑन्टॅरिओने 2022पासून आमिषाचे मासे आणि जळवा एका विभागातून दुसऱ्यात नेण्यावरही बंधन आणलं. दक्षिणेकडचे लोक अजून जळवा वापरतात. उत्तरेची बाजू मला अधिक पटते.

शिशाचा प्रश्न तितका पुढे गेलेला नाही. लून पक्षी खडे गिळतो, त्यांच्यासोबत शिशाचा तुकडा पोटात गेला की विषबाधेने मरतो. कॅनडाने 1997 साली आपल्या राष्ट्रीय उद्यानांत 50 ग्रॅमच्या आतलं शिशाचं वजन आणि जिग बंद केली. क्वेटिको प्रांताचं उद्यान आहे, त्यामुळे तो नियम त्याला लागू झाला नाही. बाउंड्री वॉटर्समध्येही शिसं चालतं. टंगस्टनचं जिग महाग पडतं, पण त्याच वजनाला आकाराने लहान असतं आणि खडकाचा ठोका हातात स्पष्ट देतं.

2018पासून समोरचं पाणी थेट पडद्यावर दाखवणारं सोनार आलं आहे आणि लिथियमच्या बॅटरीसह ते कनूतही पोचलं आहे. मासा जिगकडे वळतो, थांबतो, परत जातो, हे चालू चित्रासारखं दिसतं. ते होडी हलवत नाही, म्हणून 1978च्या अर्थाने त्याला अडवता येत नाही. त्यावर मर्यादा हवी का, याची चर्चा मिनेसोटात सुरू आहे.

क्वेटिकोतही सगळीकडे वल्हंच आहे असं नाही. लाक ला क्रोआ इथल्या आनिशिनाबे वाटाड्यांना उद्यानातल्या काही तलावांवर 10 अश्वशक्तीपर्यंतची मोटर वापरता येते. त्यांच्या होडीत बसलेल्या पाहुण्याला खडकाच्या कडेवर होडी रोखून धरता येते. त्याच्याही जिगला मात्र जळू नसते आणि गळाला उलटा काटा नसतो.