वर्गात गुलाबी मनोरा एकच का?

बालवाडीच्या प्रवेशाचे दिवस आले की मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांना ऊत येतो. यंदा एका आईचा प्रश्न वाचनात आला: "वर्गात पंचवीस मुलं आणि गुलाबी मनोरा एकच! एवढी फी घेता, मग आणखी चार मनोरे आणायला काय होतं?" खाली बहुतेकांनी शाळेच्या चिक्कूपणावर तोंडसुख घेतलं होतं. मला मात्र हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर शोधताना मॉन्टेसरी वर्गाचं मर्म हाती लागतं.

गुलाबी मनोरा म्हणजे दहा लाकडी ठोकळे. सगळ्यात लहान ठोकळ्याची बाजू १ सेंटिमीटर, सगळ्यात मोठ्याची १० सेंटिमीटर. (बाजू दहापट झाली की घनफळ हजारपट होतं. हा हिशोब मुलाच्या मनगटाला शाळेतल्या गणिताच्या कितीतरी आधी कळतो.) असे पाच मनोरे आणायला पैसे असले तरी मॉन्टेसरी वर्गात तो एकच ठेवतात, आणि तेही मुद्दाम.

मारिया मॉन्टेसरी या पेशाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी पहिली शाळा, 'बालगृह', सुरू केली. तिथून पुढे जी पद्धत आकाराला आली तिचे नियम मोजकेच आहेत. साधनं मुलांचा हात पोचेल अशा फडताळावर ठेवायची. मुलाने हवं ते साधन घ्यायचं, आपल्या चटईवर काम करायचं आणि झालं की होतं तसं जागेवर ठेवायचं. दुसऱ्याच्या चटईवर पाय द्यायचा नाही आणि त्याचं काम मोडायचं नाही. साधन कोणाकडे असेल तर थांबायचं, किंवा दुसरं काहीतरी घ्यायचं.

या थांबण्याच्या वेळात मुलाच्या डोक्यात काय चालतं, ते समजायला पत्त्यांची एक चाचणी पाहू. बालमानसशास्त्रातली ही माझी सर्वांत आवडती चाचणी. समोर दोन ट्रे ठेवायचे. एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. मुलाच्या हातात लाल ससे आणि निळ्या होड्या असलेले पत्ते द्यायचे. आधी रंगाचा खेळ: लाल ससा लाल होडीच्या ट्रेमध्ये जाणार. तीन वर्षांचं मूल हे झटपट करतं. मग सांगायचं, "रंगाचा खेळ संपला. आता आकाराचा खेळ. ससे सशाकडे, होड्या होडीकडे." पुन्हा लाल ससा हातात दिला की बहुतेक तीन वर्षांची मुलं तो लाल होडीकडेच टाकतात. आणि त्याच क्षणी विचारलं, "आकाराच्या खेळात ससे कुठे जातात?" तर बोट अचूक सशाच्या ट्रेकडे! नियम माहीत आहे, तोंडाने सांगताही येतो, पण हात जुन्याच वाटेने जातो. पाच वर्षांच्या सुमारास बहुतेक मुलांना हे वळण घेता येतं.

असं का होतं? युको मुनाकाता या शास्त्रज्ञ बाईंनी मांडलेलं उत्तर मला सर्वांत पटतं. आपल्या मेंदूत आठवणींचे ठसे दोन प्रकारचे असतात. एक सुप्त ठसा: तीच कृती पुन्हा पुन्हा केल्याने चेतापेशींमधले जोड बदलतात आणि सवय पक्की होते. दुसरा सक्रिय ठसा: कपाळामागच्या अग्रखंडातल्या पेशी सतत संदेश पाठवत राहतात आणि "आत्ता काय करायचं आहे" ते जागं ठेवतात. रंगाचा नियम चार-सहा वेळा वापरून सुप्त ठसा उमटलेला असतो. आकाराचा नवा नियम केवळ सक्रिय ठशाच्या जोरावर टिकवायचा असतो, आणि तीन वर्षांच्या वयात अग्रखंड फार कोवळा असतो. पत्त्यावर लाल आणि ससा दोन्ही असल्याने दोन्ही ठशांची टक्कर होते आणि जुना जिंकतो. "ससे कुठे जातात?" या प्रश्नात मात्र रंगाचा उल्लेखच नसतो, त्यामुळे टक्करही नसते. मुनाकातांनी तोच प्रश्न "लाल ससे कुठे जातात?" असा विचारून पाहिला, तर तोंडी उत्तरंही चुकू लागली. ही चाचणी रूढ करणाऱ्या फिलिप झेलाझो यांची मांडणी वेगळी आहे. त्यांच्या मते मुलाला दोन नियमांच्या वरचा तिसरा नियम, म्हणजे "कधी कोणता लावायचा" हा नियम, रचता येत नाही. हा वाद मिटलेला नाही.

आता वर्गात या. "दिसलं की ओढायचं" हा तीन वर्षांच्या मुलाचा जुना, पक्का ठसा. "दुसऱ्याच्या चटईवर आहे, थांबायचं" हा नवा नियम. मनोरा एकच असल्यामुळे हा नवा नियम रोज कित्येकदा जागा ठेवावा लागतो, आणि तोही खऱ्या हव्या असलेल्या वस्तूसमोर. पाच मनोरे आणले की ही टक्करच उरत नाही.

थांबलेलं मूल बघत असतं, हेही महत्त्वाचं. तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असल्याने तिथे बघण्यासारखं पुष्कळ असतं. साधनंही अशी की चूक त्यांच्यातच दिसते. लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत दट्टे बसवताना बारीक दट्ट्या मोठ्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्ट्या हातात उरतो आणि त्याला भोकच मिळत नाही. "बाई, बरोबर आहे का?" असं विचारायची गरज पडत नाही. अडलं तर शेजारची पाच वर्षांची ताई दाखवते. दोन वर्षांपूर्वी तिलाही कोणीतरी असंच दाखवलेलं असतं.

पुरावा आहे का? आहे. अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांनी २००६ साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका सरकारी मॉन्टेसरी शाळेचे प्रवेश सोडतीने होत. सोडतीत नंबर लागलेली ५९ आणि न लागलेली ५३ मुलं त्यांनी तपासली. दोन्हीकडच्या पालकांना तीच शाळा हवी होती, त्यामुळे "जागरूक पालकांची मुलं हुशारच असणार" हा आक्षेप बराचसा गळून पडतो. मॉन्टेसरीतली पाच वर्षांची मुलं पत्त्यांच्या चाचणीत, अक्षर-शब्द ओळखण्यात आणि दुसऱ्याच्या मनात काय असेल हे ताडण्यात पुढे होती, मैदानावर त्यांचं खेळणंही अधिक सलोख्याचं होतं. शब्दसंग्रहात फरक नव्हता. खाऊसाठी थांबण्याच्या चाचणीतही ठळक फरक आढळला नाही. म्हणजे इथे घडतो तो सरसकट संयम नव्हे. नियम जागा ठेवून त्याप्रमाणे हात वळवणं, एवढंच. शाळा एक, मुलं थोडी, हेही विसरू नये.

लिलार्ड यांच्याच २०१२ च्या अभ्यासात, मूळ साधनांवरच भर देणाऱ्या वर्गांतली मुलं वर्षभरात अधिक पुढे गेली. जिथे वर्कशीट आणि इतर खेळण्यांची भर घातली होती, तिथे तेवढी प्रगती दिसली नाही. आपल्याकडे 'मॉन्टेसरी' हा शब्द कोणत्याही प्लेग्रुपच्या पाटीवर रंगवता येतो, म्हणून हे सांगायला हवं. त्याच पाटीखाली कधी 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चाही बोर्ड असतो: डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणार म्हणे! मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, डोळ्यांच्या हालचाली आणि आवाजाकडे मान वळवणं ही कामं तो सांभाळतो. पट्टी बांधलेली मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. हा शुद्ध फसवणुकीचा धंदा आहे, आणि त्यात मुलाला खोटं बोलायची सवय लागते हे त्याहून वाईट.

ही पद्धत श्रीमंतांचीच, ही समजूतही खोडायला हवी. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलं, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं. तिथे महागड्या लाकडी साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरात आल्या, आणि त्याच प्रयोगांतून 'अंगणवाडी' पुढे आली. धारावी-गोवंडीच्या अंगणवाडीत आजही तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत बसतात. मोठ्या शाळा 'मिश्र वयोगट' म्हणून जे जाहिरातीत छापतात, ते तिथे आपसूकच आहे. वस्तू तर एकेकच असतात. कमी पडतो तो मुलांना न उठवता मिळणारा सलग वेळ, कारण सेविकेला पोषण आहार, लसीकरण, सर्वेक्षण आणि नोंदी यांतून सवड मिळत नाही. तिच्या डोक्यावरचं हे काम हलकं करून सकाळचे दोन तास फक्त मुलांसाठी राखले, तर साधनांचा खर्च शेंगा, वाट्या, तांदूळ आणि एका बुटक्या फडताळाएवढाच येईल.