सिरॅमिक ब्रिज किती भार सोसतो? मोजमापामागची गोष्ट

श्रीवर्धनच्या बाजूला दाढांवर सिरॅमिकचा ब्रिज (पडलेल्या दाताची जागा भरायला शेजारच्या दातांवर टेकवलेले, एकमेकांना जोडलेले कृत्रिम दात) बसवला की पहिला प्रश्न ठरलेला : "रोठा चालेल ना आता?" रोठा म्हणजे इथली सुपारी. ब्रिज आम्ही डेंटल लॅबवाले घडवतो, म्हणून हा प्रश्न फिरून आमच्याकडेच येतो. त्याचं नीट उत्तर शोधायला जवळजवळ दोन शतकं लागली.

पॅरिसचे औषधविक्रेते दुशातो यांनी 1774 च्या सुमारास हस्तिदंती कवळीला कंटाळून चिनी मातीची कवळी करवून घेतली. भट्टीत ती आकसायची, नेमकी बसायची नाही. पुढे 1880 च्या दशकात डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सिलेन, म्हणजे चिनी माती, भाजून एकेका दाताची कॅप साधली. पण ब्रिज म्हटला की पोर्सिलेन तुटायचं. अखेर 1962 मध्ये वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांना सोन्याच्या मिश्रधातूवर टिकून राहणाऱ्या पोर्सिलेनचं पेटंट मिळालं आणि भार धातूने उचलला. मॅक्लीन आणि ह्यूजेस यांनी 1965 मध्ये पोर्सिलेनमध्ये अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) मिसळला. कॅपला बळ आलं, पण दाढांच्या ब्रिजला तेवढंही पुरेना.

का पुरेना, हे समजायला आपला साकव बघावा. पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, पोफळीचं खोड टाकलेलं असतं. त्यावर माणूस उभा राहिला की खोडाची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. ब्रिजचंही तेच. मधल्या दातावर घास चावला की दोन दातांमधल्या जोडाची हिरडीकडची बाजू ताणली जाते. सिरॅमिक दाब भरपूर सोसतं, ताण मात्र सोसत नाही. ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी 1920 मध्ये काचेवर दाखवून दिलं होतं की अशा पदार्थाची ताकद ठरते ती त्यातल्या बारीक भेगांवर. पुढे स्वीडिश अभियंते वायबुल यांनी त्याचं गणित मांडलं : एकाच घाण्यातले तुकडेसुद्धा वेगवेगळ्या भाराला तुटतात, म्हणून नुसत्या सरासरीवर विसंबता येत नाही.

तरी कित्येक वर्षं प्रयोगशाळांत एकच रीत चालली. ब्रिज साच्यावर बसवायचा, वरून पोलादी गोळी दाबायची, मोडला की आकडा लिहायचा. आकडे मोठे यायचे, पण तोंडात असं तुटत नाही. गोळीखाली वरच्या पृष्ठभागाला शंकूसारखी भेग जाते. रुग्णांच्या तोंडातून निघालेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ब्रिजची भेग जोडाच्या खालून सुरू झालेली दिसायची. दंतसंशोधक रॉबर्ट केली यांनी 1999 मध्ये या तफावतीवर नेमकं बोट ठेवलं. माझ्या मते या विषयातलं खरं वळण तेच. 'किती भाराला मोडला' याच्या जोडीला 'कुठून मोडला' हे विचारलं जाऊ लागलं.

दुसरा मुद्दा ओलाव्याचा. भेगेच्या टोकाशी पाणी पोहोचलं की तिथले रासायनिक बंध सुटत जातात आणि कमी भारावरही भेग हळूहळू सरकते. म्हणून आता ब्रिज पाण्यात ठेवतात, 5 ते 55 अंशांच्या फेऱ्यांतून काढतात, चावण्याच्या यंत्रावर सुमारे 50 न्यूटनचे बारा लाख ठोके देतात आणि मग मोडतात. बारा लाख म्हणजे पाच वर्षांचं चावणं, असा संकेत आहे. तो संकेतच. रोज सुपारी फोडणाऱ्याची पाच वर्षं वेगळी.

झिर्कोनिया या सिरॅमिकने (झिर्कोनियमचा ऑक्साइड) चित्र पालटलं. गार्व्ही आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये दाखवलं की भेग पुढे सरकू लागली की तिथले कण रूप बदलून फुगतात आणि भेगेला दाबून धरतात. साध्या पोर्सिलेनची वाकण्यातली ताकद शंभर मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आत, झिर्कोनियाची हजाराच्या आसपास. आयएसओ 6872 हे मानक दाढ धरून तीन दातांच्या ब्रिजसाठी 500, तर चार किंवा अधिक दातांसाठी 800 मेगापास्कल मागतं.

पण हा आकडा सामानाचा, ब्रिजचा नव्हे. जोडाची रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर वाकण्यातली ताकद चौपट होते, आणि उंची निम्मी झाली तर चौथाईवर येते. झिर्कोनियाच्या जोडाला साधारण 9 चौरस मिलिमीटर तरी छेद हवा. सुपारीने झिजून दाढा बुटक्या झालेल्या असतात, तिथे ही उंचीच मिळत नाही. अशा दातांचा साचा टेबलावर आला की मी कॅलिपर लावून बघतो आणि मिलिंगला, म्हणजे यंत्रावर कोरायला, टाकण्याआधी डॉक्टरांना फोन करतो.