धवलारणीच्या तोंडी घराण्याची नावं

घोडबंदर रोडवरची लॉन्स असोत की पाम बीचकडचे हॉल, लग्न ठरवायला आलेलं जोडपं हल्ली एक मागणी हमखास करतं : ‘आमच्या घराचं काहीतरी असू दे.’ मग आजीच्या पैठणीच्या पदराची चोळी होते, जेवणाच्या टेबलांना आजोळच्या गावांची नावं मिळतात, पत्रिकेवर वारली चित्रं येतात. घरातले वडीलधारे याला नवं फॅड म्हणतात. मला ते उलट वाटतं. ठाणे आणि खाडीपलीकडच्या पट्ट्यात एका साच्यातलं लग्न हीच अलीकडची गोष्ट आहे. त्याआधीचं लग्न घराघरानं वेगळं असायचं, कारण ते चालवणाऱ्या बाईला त्या घरातल्या माणसांची नावं विचारून घेतल्याशिवाय पुढं सरताच येत नसे.

ती बाई म्हणजे धवलारीण. घणसोली, गोठिवली, दिवाळे, नेरूळ, शिरवणे या आगरी-कोळी गावांत लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालत. मांडव घालणं, देव आणणं, तेलवण, हळद, प्रत्येक टप्प्याचा धवला निराळा. तांदळाच्या पिठीनं चौक पुरायचा, त्यावर पाट मांडायचा आणि जे हातानं चाललंय तेच गळ्यानं सांगत जायचं. नवरा कुणाचा नातू, करवली कोण, कुलदैवत कुठलं, हे सगळं गाण्यात गुंफलं जाई. चाल पिढ्यान्‌पिढ्यांची, तपशील मात्र समोरच्या घराचा. पोथी नाही, दक्षिणेचा ठरलेला दर नाही. सगळी विद्या सासू-सुनांच्या, मायलेकींच्या तोंडी.

‘धवला’ हा शब्द फार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात मंगलप्रसंगी गायच्या ‘धवल’ या प्रबंधाची नोंद आहे. त्याच शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेनं ‘धवळे’ रचले. पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नखेळाचं निमित्त होतं आणि विषय कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो, तिची ओळख लग्नाच्या गाण्यांवर उभी आहे, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलं जातं. महदाइसेचे वऱ्हाडातल्या रिद्धपूरचे धवळे आणि ठाण्याच्या खाडीकाठचे धवले यांच्यामधली वाट दाखवणारा कागद माझ्यापुढे नाही. पण शब्द तोच, प्रसंग तोच, आणि गाणारी बाईच.

वारल्यांत तिला धवलेरी म्हणतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. तोवर वारल्यांची बहुतेक वस्ती ठाणे जिल्ह्यातच मोजली जाई, आणि येऊरच्या डोंगरात त्यांचे पाडे आजही आहेत. धवलेरी लग्न लावते, आणि कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढतात तो सवाशिणी. चौकाच्या मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. चौक नाही तर लग्न नाही. हे सगळं बायकांचं काम होतं. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी विधीबाहेर, कागदावर चित्रं काढायला घेतली, तेव्हापासून वारली कला जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज पत्रिकेवर तारपा वाजवणारी माणसं गोल नाचताना दिसतात. दिसायला छानच, पण पालघट मात्र त्यात क्वचितच असते. देवी काढून टाकून चौकट तेवढी आणली, की घरचा वारसा आणल्याचं समाधान मिळतं आणि पत्रिका रद्दीत टाकताना मनाला टोचतही नाही. हे जरा कडू आहे, मला माहीत आहे.

धवला मागे का पडला, याचं कारण शोधायला लोकांच्या आवडीनिवडीत शिरायची गरज नाही. जमिनीकडे पाहिलं तरी पुरे. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, घ्यायचं ठरलं. भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली. चौकाची पिठी ज्या तांदळाची, तो तांदूळ आता दुकानातून येऊ लागला. मोबदल्याचा लढा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. १६ जानेवारी १९८४ ला जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि १७ ला नवघरला गोळीबार होऊन पाच जणांचा जीव गेला. पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. गावठाणात चाळी, मग चारमजली घरं उभी राहिली. ओटा आणि अंगण आक्रसत गेलं. मांडव, चूल, चौक आणि दहा-बारा गाणाऱ्या बायका मावतील अशी जागाच उरली नाही. हळदीची रात्र तेवढी टिकली, किंबहुना फुगली : आधी बेंजो, मग डीजे, सोबत मटण आणि तांदळाची भाकरी. धवला मात्र लाऊडस्पीकरवर टिकत नाही. तो बसून ऐकायचा प्रकार आहे.

ठाणे शहरातल्या नौपाड्याकडच्या पांढरपेशा घरांची गोष्ट निराळी. तिथं अंगणाची जागा मंगल कार्यालयानं घेतली आणि सगळं लग्न मुहूर्ताच्या घड्याळावर आलं. घराचं म्हणून जे उरलं, ते मंगलाष्टकांत. ही कडवी बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, ओळीला १९ अक्षरं आणि शेवट ‘कुर्यात् सदा मंगलम्’. भटजींची संस्कृत कडवी संपली की आत्या किंवा मामी हातात कागद घेऊन पुढं येते. त्या कागदात आजोबा, पणजोबा, गाव, नवरीची पदवी, नवऱ्याची नोकरी, सगळं कोंबलेलं असतं. वृत्ताच्या नावात वाघ आहे, आणि आत्याच्या चौथ्या ओळीत तो बहुतेक वेळा लंगडतो. हॉलभर हशा पिकतो. तरीही अक्षतांच्या त्या पाच मिनिटांत घराण्याचा जो उल्लेख होतो, तो बाकीच्या पूर्ण दिवसात होत नाही. धवलारीण जे रात्रभर करायची, ते आत्या १९ अक्षरांत बसवते.

मंगलाष्टकांना वेगळं वळण देणारे जोतीराव फुले. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला ब्राह्मण पुरोहितावाचून पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. १८८७ मध्ये फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिका काढली. त्यात वधू आणि वर स्वतः एकमेकांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांचे हक्क मागते. खारघर किंवा ठाण्यातलं जोडपं आज स्वतः लिहिलेलं वचन माइकवर वाचतं, तेव्हा ते सिनेमातून उचललं अशी कुजबुज होते. असेलही. पण मराठीत ही रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

कायद्याचीही याला आडकाठी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार दोन्ही पक्षांपैकी कुठल्याही एकाच्या रूढीप्रमाणे लग्न लावता येतं; सप्तपदी जिथं रूढीचा भाग आहे, तिथंच सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. ज्यांना कुठलाच विधी नको, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, मात्र त्याला तीस दिवसांची नोटीस लागते. तारीख ठरवताना लोक हेच विसरतात आणि मग धावपळ करतात.

ठाण्याचा वारसा म्हणताना आपण सहसा हिंदू घरांपाशीच थांबतो. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग इथं १८७९ पासून आहे. त्यांच्या लग्नाआधी मेंदीची रात्र असते, आणि लग्नात नवरी येताना नवरा स्वतः हिब्रू गीत गाऊन तिचं स्वागत करतो. मुंबई-ठाण्याच्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणतात. इथं विधी चर्चचा आणि उंबर गावचा, आणि दोन्ही एकाच लग्नात नांदतात.

मागच्या वैशाखात गोठिवलीच्या एका हळदीला गेलो होतो. मुलगी गावची, मुलगा साताऱ्याकडचा. डीजे सुरू व्हायच्या आधी तासभर धवला ठेवायचा, असा मुलीचाच हट्ट होता. धवलारीण सत्तरीची. पाटावर टेकताच तिनं नवऱ्याच्या काकांना विचारलं, “आजीचा नाव काय?” काकांनी आजोबांचं सांगितलं. “त्याचा पत्रिकेत वाचला मी. आजीचा सांगा.” काकांना ते आठवेना. फोन काढून ते मांडवाबाहेर गेले, साताऱ्याला कुणाला तरी लावला, आणि दोन मिनिटांनी परत येऊन म्हणाले, “सगुणा. माहेरचं नाव पण विचारलंय, कळवतायत.” तोवर धवलारणीनं पहिली ओळ उचललीही होती, आणि सगुणाबाई तिसऱ्या ओळीत आल्या.