ऑपरेशनमध्ये निघालेला लिव्हरचा तुकडा संशोधनाला देण्याआधी

"जास्तीचं तं कापणार नाही ना?" संमतीपत्र समोर ठेवलं की आमच्या वर्धा-यवतमाळकडची माणसं पहिलं हेच विचारतात, आणि विचारायलाच हवं. नाही कापत. किती भाग काढायचा हे सर्जन फक्त उपचार पाहून ठरवतात. गाठ काढताना भोवतीचा थोडा निरोगी भागही निघतो. त्यातून तपासणीला लागेल तेवढा पॅथॉलॉजी विभाग आधी घेतो. उरलेला एरवी पिवळ्या पिशवीतून जाळायला जातो, तोच देता येतो. हे अवयवदान नव्हे. त्याचा १९९४ चा कायदा वेगळा आहे.

स्वतःच्या सहीनं देणारा १८ वर्षांचा हवा. लहान मुलासाठी आईवडिलांची संमती लागते, शिवाय समजत्या मुलाचा होकारही. एचआयव्ही किंवा ब, क प्रकारची कावीळ असेल तर लॅब बहुधा तुकडा घेत नाही.

पेशंटला कागद दोनच: मराठीतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र. सही ऑपरेशनच्या आधी, भुलीचं इंजेक्शन देण्यापूर्वी झाली पाहिजे. ऑपरेशन थिएटरच्या दारात घाईघाईनं कोणी सही मागितली तर सरळ थांबवा. वाचता येत नसेल तर सगळं वाचून दाखवायला लावा. अंगठा चालतो, पण शेजारी साक्षीदार हवा, आणि तो संशोधकांच्या टीममधला नको. एक प्रत घरी न्या. पैसे मिळत नाहीत. नकार दिला तरी सरकारी आरोग्य योजनेतला उपचार थांबत नाही.

बाकीचे कागद संशोधकाचे: प्रकल्पाचा आराखडा, रुग्णालयाच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी, रुग्णालय आणि लॅबमधला करार. समितीची मंजुरी बिनदिक्कत विचारा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती लागतेच.

तुकडा थंड द्रावणात, बर्फाच्या डब्यातून लॅबमध्ये जातो. तिथं ३७ अंशांवरचं कोलॅजिनेज हे एन्झाइम त्यातून सोडतात, तशा पेशी सुट्या होतात. मग निळा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात: मेलेली पेशी निळी पडते, जिवंत तशीच राहते. नवं औषध लिव्हरला बाधेल का, हे या जिवंत पेशींवर कळतं. पण बशीत त्या थोड्याच दिवसांत आपलं काम विसरतात, म्हणून ताजा तुकडा पुन्हा पुन्हा लागतो.

तुकड्यासोबत नाव जात नाही, कोड क्रमांक जातो. नंतर मन बदललं तर तोच क्रमांक सांगून माघार घेता येते. मात्र वापरून झालेल्या पेशी परत मिळत नाहीत.